पुढच्या चार रांगा

जगन, परवा शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. सात जण बोलले. त्यांतल्या तिघांनी एकच वाक्य म्हटलं, "सगळ्यांना हसवणारा माणूस आज सगळ्यांना रडवून गेला." पहिल्याला वाटलं, हे आपल्यालाच सुचलं. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकलंच नव्हतं. तिसऱ्याने दोघांचं ऐकलं होतं, तरी म्हटलं. तू असतास तर तिघांना बाजूला घेऊन म्हणाला असतास, "एक ठेवू, दोन कापू."

मलाही बोलायला बोलावलं. मी हात हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं गळा दाटून आलाय. गळा दाटला नव्हता, डोकं तापलं होतं. मला जे म्हणायचं होतं ते फोटोला हार घातलेल्या माणसाला चारचौघांत म्हणता येत नाही. म्हणून लिहितोय. तू वाद अर्धा टाकून गेलास, आणि अर्धा वाद मला पचत नाही, हे तुला माहीत होतं.

आधी ते हसवण्याचं मिटवू. तू कोणाला हसवलंस रे? आख्ख्या आयुष्यात तुला एक धड विनोद सांगता आला नाही. शाळेत मधल्या सुट्टीत किस्सा सुरू करायचास आणि शेवट आधीच सांगून मोकळा व्हायचास. मग वर समजावायचास की हसायचं नक्की कुठे होतं. पण दुसरा कोणी सांगत असला की तू सांगणाऱ्याकडे बघायचा नाहीस, ऐकणाऱ्यांकडे बघायचास. कोण आधी हसलं, कोण शेजाऱ्याचं बघून हसलं, कोणाचं तोंड हसलं पण डोळे हलले नाहीत. एवढंच तुझं भांडवल. त्याच्यावर तू मुंबईत विनोदाचे कार्यक्रम करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळवलीस, वर चढलास, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून विमानाने फिरलास, इंदूर, नागपूर, बेळगाव असे कुठे कुठे हास्यमहोत्सव भरवलेस. मी तेव्हा इथे भिवंडीजवळ राहनाळला दुसऱ्याच्या टेम्पोत बांबू चढवत होतो. तू घरी आलास की मला कंपनीचं पेन द्यायचास. ती पेनं चालायची नाहीत. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

ती नोकरी सोडून आलास ती दुपार मला अजून दिसते. तोवर माझा स्वतःचा मंडपाचा धंदा झाला होता, राहनाळला गोडाऊन झालं होतं. तू येऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्पीवर बसलास. चपला घातलेल्या, पाय हलवत.

"दत्त्या, शूटिंगसाठी त्यांनी माणसं भाड्याने आणली. हसायला."

"मग? मी हळदीला नाचायला माणसं पुरवतो."

"नाचायला चालतं. हसायला नाय चालत."

"का नाय?"

"समोरचा खोटा हसला तर मला कळणार कसं, वरचा चांगला की वाईट?"

एवढ्यासाठी तू नोकरी सोडलीस! घरी बायको, पोरगी ऋतू तेव्हा सातवीत. मी तुला शिव्या द्यायला सुरुवात केली ती चहा येईपर्यंत थांबलो नाही. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "झालं? आता ऐक. भिवंडीत महोत्सव करू."

वेडा आहेस, म्हटलं. पण माझा स्वभाव असा की समोर सौदा दिसला की राग बाजूला पडतो. गणपती उठल्यापासून नवरात्र बसेपर्यंत मंडपवाल्याला कुत्रं विचारत नाही. हळद नाही, लग्न नाही, साखरपुडा नाही. बांबू गोडाऊनमध्ये झोपलेले. कलाकारांचंही तेच, त्या पंधरवड्यात त्यांना कोणी शुभकार्याला बोलवत नाही. सगळे रिकामे, आणि रिकामा माणूस फार ताणून धरत नाही. मी म्हटलं, पितृपक्षात कर. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मीच तुला पहिल्यांदा सापडलो.

तुझी आई गावाहून, अकलोलीहून, खास भांडायला आली होती. "पितरं जेवायला येतात या दिसांत, आनि तुमी दात काढनार? आसं कुठं हाय का?" तू म्हणालास, "आई, आजोबा जन्मभर कपाळाला आठ्या घालून बसले. एकदा त्यांना पण ऐकू दे." म्हातारी पदर तोंडाला लावून हसली आणि मग पहिल्या रांगेत येऊन बसली.

वार तू ठरवलास. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद. जुम्म्याची नमाज होते, जेवणं होतात, मग दुपारी तीनला माणूस मोकळा. पंधरवड्यात दोन शुक्रवार. आपला महोत्सव म्हणजे एवढंच, आणि जागा माझं गोडाऊन. सामान बाहेर ताडपत्रीखाली, माणसं आत पत्र्याखाली.

पहिला शुक्रवार आठवला की अजून घाम फुटतो. मुंबईहून आणलेला मोठ्या नावाचा कलाकार, आणि समोर लूमवाले बसलेत, दगडासारखे. वीस मिनिटं एक दात दिसला नाही. तो वैतागून म्हणाला, "भिवंडीत हसायची बंदी आहे का?" तेव्हा मधल्या रांगेतून एक बुजुर्ग कारागीर उठला. "सेठ, वो डब्बा मुँह के आगे से हटाव ना. दिखताच नहीं क्या बोल रहा है."

आपल्या महोत्सवातलं पहिलं हसू त्या माणसाने मिळवलं. आणि तू ताडकन उठलास. तुझा बाप लूमवर होता, त्यामुळे तुझ्या डोक्यात आधी पडलं. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहणारा माणूस कानाने ऐकत नाही, ओठांवरून ऐकतो. दोन लूमच्या पलीकडचा काय म्हणाला ते तो तोंड बघून सांगतो. आपण त्याच्यासमोर तोंडाला माईक लावून माणसं उभी करत होतो! तू स्टेजवर गेलास आणि स्टॅन्ड छातीपर्यंत खाली केलास. माझा साउंडवाला ओरडायला लागला, आवाज पकडणार नाही, शिट्टी मारेल. मी त्याला म्हटलं, शिट्टी मारली तर मी तुला मारीन. पुढच्या शुक्रवारी सगळ्या कलाकारांचे ओठ उजेडात होते, आणि पत्रा हलला. पावसाने नव्हे.

त्या दिवसापासून तू स्टेजकडे पाठ करून बसायला लागलास. स्टेजच्या कोपऱ्यात लोखंडी स्टूल, तोंड प्रेक्षकांकडे. वरचा काय करतोय ते तू समोरच्या तोंडांवर वाचायचास. स्वतः कधी हसायचा नाहीस. कलाकारांना त्याची भीती वाटायची. मलाही थोडी वाटायची.

आणि तो कल्याणचा मिशीवाला! ओठांवरून खाली लोंबणारी मिशी. तू म्हणालास, काप. तो म्हणाला, "ही माझी ओळख आहे."

"ओळख राहू दे. ओठ दाखव."

तो पिशवी उचलून निघाला. मी दारात आडवा झालो. "भाऊ, तुम्हाला किती मिनिटं मिळालीत?"

"आठ."

"बारा देतो. चार मिनिटांपुरती मिशी कापा."

मागून तू म्हणालास, "बारा नाय देणार दत्त्या. दहा."

"मग अर्धीच मिशी."

तो मिशीवाला तिथेच हसत खाली बसला. नाक्यावरून न्हावी आणला. त्याला दहा मिनिटं मिळाली आणि त्याने अकरा घेतली. परवा शोकसभेत तो एकटाच खरं बोलला. "या दोघांनी माझी मिशी वाटून घेतली," म्हणाला, आणि खाली बसला. अजून तेवढीच ठेवतो.

असं आपलं काम चालायचं. तू माणूस ओळखायचास, मी माणूस वळवायचो. कोणाचा क्रम आधी, कोणाला मिनिटं किती, पोलिसांची परवानगी, शेजारच्या गोडाऊनवाल्याने त्या दिवशी कंटेनर दारात लावायचा की नाही, हे सगळं मी भांडून आणायचो. तुला एकदाही कोणाशी आवाज चढवावा लागला नाही. लोक म्हणायचे, जगनभाऊ किती शांत. शांत असायला काय जातं? ओरडायला मी होतो ना.

आणि मग ती मुलाखत. मोबाईलवर दाखवतात तसलं काहीतरी. ती मुलगी तुला विचारत होती, हे सगळं कसं उभं राहिलं. तू सांगायला लागलास. मी ठरवलं, मी पाहिलं, मी शोधलं. मी शेजारी उभा, घामाने भिजलेला, हातात वायरचं भेंडोळं. तिने कॅमेरा माझ्याकडे वळवला. "आणि हे?"

तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "हा आपला मंडपवाला."

हात ठेवून म्हणालास, म्हणून जास्त लागलं. हात न ठेवता म्हणाला असतास तर तिथेच दोन शब्द सुनावले असते.

त्या वर्षी मी तुला सांगितलं, पोस्टरवर तुझ्या नावाशेजारी माझं नाव पाहिजे. आयोजक म्हणून. खाली चहावाल्याच्या बाजूला 'मंडप, खुर्च्या व ध्वनी' म्हणून नको. तू म्हणालास, "बघू." पुढच्या वर्षी पुन्हा म्हणालास, "बघू." एकदा मी तुला कोपऱ्यात धरलं तेव्हा म्हणालास, "दत्त्या, तुझं नाव वर गेलं की तुला गोड बोलावं लागेल. आयोजकाला शिव्या देता येत नाहीत. मग कंटेनर कोण हटवणार?" तुझं म्हणणं बरोबर होतं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. पण बरोबर असलं म्हणून काय झालं? बरोबर माणसाने सुद्धा कधीतरी द्यायचं असतं.

मग तू महोत्सव ठाण्याला न्यायचं काढलंस. दोन वर्षांपूर्वी. हॉल आहे, एसी आहे, रविवार संध्याकाळ. "लूम बंद होतायत, दत्त्या. जुने कारागीर गावी परत गेले. नवीन पोरं मोबाईलवर बघतात. आणि पाऊस आला की पत्र्याखाली कलाकाराला स्वतःचा आवाज येत नाही."

मी म्हटलं, "ठाण्यातला माणूस हसायचं ठरवूनच घरातून निघतो. त्याला हसवण्यात काय मर्दुमकी?" हे तुझंच वाक्य होतं, पहिल्या वर्षीचं. मी जपून ठेवलं होतं.

तू म्हणालास, "खुर्च्या रिकाम्या राहतात."

मी म्हटलं, "कुठे राहतात? पुढच्या वर्षी बघ."

आता पुढचं सांगतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मागल्या वर्षी पुढच्या चार रांगा मी भरल्या. माझी मंडपाची माणसं, शेजारच्या दोन गोडाऊनमधले माथाडी, आणि गणेशपुरीला बहिणीचं सासर आहे तिथले नऊ जण, एसटीने आणलेले. सगळ्यांना दुपारचं जेवण घातलं. सगळ्यांना बजावलं, हसा, पण एकदम हसू नका, मागे-पुढे हसा. ते चांगले हसले. बहिणीचा दीर तर इतका हसला की त्याला ठसका लागला.

तू स्टूलवर बसला होतास. तोंड त्यांच्याकडे.

संपल्यावर मी आलो. "काय, रिकाम्या होत्या?"

"नाय," तू म्हणालास. "भरल्या होत्या." आणि खाली वाकून वायर गुंडाळायला लागलास. वायर गुंडाळणं तुझं काम नव्हतं. मला तेव्हा वाटलं, हरलेल्या माणसाला कुठे बघावं कळत नाही.

या आषाढात वहिनींचा फोन आला. "भावोजी, येऊन जा. यांना भेटायचंय." मला वाटलं, ठाण्याचं शेवटचं बोलायला बोलावलंय. मी पूर्ण तयारीने आलो. तीन मागण्या, आणि प्रत्येकीच्या मागे दोन पायऱ्या, कुठे थांबायचं ते आधीच ठरवलेलं. तू भिंतीला उशी लावून बसला होतास. वहिनी म्हणाल्या, जरा खोकला आहे. तूच त्यांना तसं सांगायला लावलं होतंस, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्ही घरातल्या तिघांनी दाबून ठेवलं होतं.

"महोत्सव राहनाळलाच," मी म्हटलं.

"ठीक आहे."

"शुक्रवारच."

"ठीक आहे."

मला पाय टेकायला जमीन सापडेना. मी तिसरी काढली. "आणि पोस्टरवर माझं नाव. तुझ्या शेजारी, त्याच अक्षरात."

तू जरा थांबलास. मला वाटलं, आता लढणार. तू म्हणालास, "ठीक आहे, दत्ता."

दत्ता म्हणालास, दत्त्या नाही. समोरचा चपला कशा काढतो त्यावरून सौदा होणार की नाही ते मी सांगतो, आणि मला हे ऐकू आलं नाही. तू कप उचलला नाहीस, ते दिसलं नाही. दोन वाक्यांच्या मध्ये तुला श्वास घ्यावा लागत होता, त्याला मी विचार करणं समजलो. अर्ध्या मिनिटासाठी तासभर घासाघीस करणारा माणूस तीन वेळा एका शब्दात हो म्हणाला, आणि मी घरी जाऊन मटण करायला सांगितलं.

दारापर्यंत वहिनी आल्या होत्या. "चहा तरी संपवा, भावोजी. बसा की जरा."

"नको, घाई आहे," मी म्हटलं. घाई होती. राहनाळ नाक्यावर सगळ्यांना सांगायचं होतं की जगनला वाकवला.

तीन आठवड्यांनी वहिनींचा दुसरा फोन आला.

याचा मला राग आहे, जगन. तू गेलास त्याचा नाही, त्यावर माझं काही चालत नाही. तू मला खोटा सौदा जिंकू दिलास, त्याचा. सांगायचं होतंस. म्हणायचं होतंस, दत्त्या, माझ्यात आता भांडायची ताकद नाही. मी काय तुझ्या छातीवर बसलो असतो? मी तुझ्या वतीने माझ्याशी भांडलो असतो. मला जमलं असतं. मी दोन्ही बाजूंनी बोलून सौदे केलेत.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी ऋतूला भेटायला गेलो. तीन वर्षं तीच तुझ्याबरोबर कलाकारांच्या तारखा बघत होती, तेव्हा बोलायचं तर तिच्याशीच. तुमच्याकडचे पाहुणे तिला सांगत होते, यंदा थांब, वर्ष जाऊ दे. ती ऐकून घेत होती आणि कागद लावत होती. मला बघून उठली.

"दत्ताकाका, बाबा बोललेत मला. राहनाळ. शुक्रवार. तुमचं नाव पण." पाढा म्हणावा तसं म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं जे मागत होतो ते ताटात वाढून आलं होतं. पण मला तो पाढा ऐकवेना.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटून काय? बाबांनी शब्द दिलाय."

"तो शब्द मी परत करतो."

"म्हणजे?"

"थकलेल्या माणसाकडून काढून घेतलेला शब्द सौद्यात धरत नाहीत. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता आहे. तू बोल."

"काका, नको ना. आत्ता नको."

"आत्ताच. का ग, ठाण्याचं सगळं ठरवून ठेवलंयत ना तुम्ही बापलेकीने? का फक्त मोठमोठ्या गप्पा होत्या?"

मुद्दाम बोललो. आणि तिच्या नाकपुड्या फुलल्या. तुझ्या कधी फुलल्या नाहीत, या वहिनींच्या असाव्यात.

"मग ऐका. ठाणे बाबांना पण नको होतं. बाबांना माणसं हवी होती. गेल्या वर्षी खरी माणसं मागे सात-आठ रांगा होती, बस. पुढच्या चार रांगा तुमच्या होत्या."

मी तिचा एक कागद उचलून परत ठेवला.

"बाबांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. घरी येऊन म्हणाले, दत्त्याने चार रांगा आणल्या. गणेशपुरीपासून. आणि हसायला लागले. इतके हसले, काका, की आई आतून बाहेर आली."

"मला का नाही बोलला?"

"मी म्हटलं होतं, सांगा त्यांना. ते म्हणाले, नको, त्याने फार मेहनत घेतलीये."

जगन, इतका संताप मला तुझ्या मुलाखतीच्या दिवशी आला नव्हता. हुकमाचा पत्ता तुझ्या हातात होता. भाड्याच्या हसणाऱ्यांपायी नोकरी सोडणारा तू, आणि मी तुझ्याच समोर, तुझ्याच स्टुलापुढे तेच मांडून ठेवलं. एक वाक्य बोलला असतास तर मी संपलो असतो. ठाणे तिथल्या तिथे तुझं झालं असतं. आणि तू वायर गुंडाळत बसलास. वर घरी जाऊन हसलास! कार्यक्रमात ज्याचा ओठ हलला नाही तो माणूस माझ्यावर पोट धरून हसला, आणि मला ते बघायला मिळालं नाही.

माझा आवाज चढला असणार, कारण आतून वहिनींनी विचारलं, "भांडताय का दोघं?"

"हो," ऋतू म्हणाली.

"बरं," वहिनी म्हणाल्या. आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

मग आम्ही नीट भांडलो. ती चांगली भांडते. तुझ्यासारखी गप्प बसून दमवत नाही, समोरून येते. मी म्हटलं, दोन्ही शुक्रवार राहनाळला. ती म्हणाली, एकही नाही. मी म्हटलं, ठाण्याच्या हॉलात वाईट कलाकार पण चालून जातो, एसीत बसलेला माणूस पैसे वसूल करायला हसतो, मग तुला कळणार कसं कोण खरा? ती इथे थोडी अडखळली. मी ती फट सोडली नाही. शेवटी ठरलं ते असं. महोत्सव ठाण्याला, रविवारी. पण त्याआधीचा एक शुक्रवार राहनाळला, दुपारी तीन, लूमवाल्यांसमोर. ठाण्याला ज्याला उभं राहायचंय त्याने आधी इथे उभं राहायचं. जो इथे पडला तो तिथे नाही.

"एक वर्ष," ऋतू म्हणाली. "माणसं आली तर पुढे. आणि चार रांगा आणायच्या नाहीत."

"दोन?"

"एकही खुर्ची नाही, काका."

मी मान्य केलं. म्हणजे राहनाळ गेलं, नुसती चाळणी उरली. मी हरलो, सरळ बोलून हरलो, आणि समोरचा धडधाकट होता. असं हरण्याला माझी ना नाही. फक्त ते तुझ्याकडून व्हायला हवं होतं. दोन दिवस तुला शिव्या घातल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी ठाण्याला हॉल बघायला आलो असतो.

उठताना ऋतू म्हणाली, "आणि नाव? पोस्टरवर बाबांच्या शेजारी लावते."

"नको," मी म्हटलं. "ते मला जगनकडून पाहिजे होतं. तुझ्याकडून घेऊन काय करू?"

मीच विषय बदलायला विचारलं, "बरं, पण ही लूमची माणसं जगन आणायचा कशी? पोस्टर तर त्या भागात कधी लावलं नाही."

ती कागद लावायची थांबली. "काका, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मग तिने सांगितलं. वर्षभर दर गुरुवारी, शिफ्ट बदलायच्या वेळी, तू लूमच्या गल्ल्यांतून फिरायचास. चहाच्या टपरीवर उभा राहायचास. कोणाचं गाव कुठलं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाच्या मास्टरने रजा नाकारली. पितृपक्ष आला की निघताना फक्त एवढंच म्हणायचास, "कल आना." चिठ्ठी नाही, पास नाही. आणि ते यायचे. मला वाटायचं, गुरुवारी खुर्च्या लावायच्या वेळी हा काम चुकवून कुठे उंडारतो. मी दरवर्षी त्यावरून तुला बोललो. तू एकदाही सांगितलं नाहीस.

येत्या गुरुवारपासून मला जायचंय. गल्ल्या माहीत आहेत, टपऱ्या माहीत आहेत, हिंदी तुझ्यापेक्षा बरी आहे. पण समोरच्याकडून काहीतरी सोडवून घ्यायला मला येतं, त्याला नुसतं 'ये' म्हणायला येत नाही. काल आरशासमोर उभा राहून म्हणून बघितलं. कल आना. पुन्हा म्हटलं, जरा हसून. आतून बायको ओरडली, "कोणाला धमकी देताय?"

कसं म्हणायचास ते, जगन? अकरा वर्षांत मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.